काठीवरच्या चुन्याच्या रेघा

१

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत चेतना लंजे अठरा वर्षं बसत होती. देवरीची गाडी किती वाजता, साकोलीची लागली का, आमगावची आज का आली नाही, सगळं तिच्या जिभेच्या टोकावर. लोकांना गाड्या दाखवता दाखवता बाईचं वय एकोणचाळीस झालं आणि ती स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यंदाच्या दिवाळीनंतर मात्र तिनं मनावर घेतलं. समुद्र बघायचा आणि एकटीनं बघायचा. सोबतीला कोणी घेतलं की त्याचं डोकं दुखतं, त्याला देवळात जायचं असतं, त्याला आपल्याकडचाच भात हवा असतो. चेतनाला फक्त वाळूवर बसायचं होतं. किती वेळ, ते कोणी विचारायचं नाही.

बंद पडलेल्या फेऱ्यांची एक जुनी वही खिडकीत पडून होती. तिच्या कोऱ्या पानांवर चेतनानं पट्टीनं रेघा मारून तक्ता आखला. उभे बारा महिने, आडवे किनारे. कोकण आणि गोवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी. केरळ जानेवारी ते मार्च. तामिळनाडू जानेवारीनंतरच, कारण दिवाळीच्या सुमारास तिकडे वादळं. ओडिशा थंडीत, आणि पुरीला तर गोंदियाहून थेट गाडी. अंदमानवर तिनं काट मारली, विमानाची भीती वाटत होती म्हणून. जून ते सप्टेंबर सगळा पश्चिम किनारा बंद. एवढं लिहून झालं तेव्हा साकोलीची गाडी पुकारायची राहून गेली होती.

गोरेगावजवळच्या खेड्यातल्या घरी ती आणि तिचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ केवळराम लंजे, अशी दोनच माणसं. आईबाप लहानपणीच गेलेले. मोठ्या बाबांनीच तिला वाढवलं होतं आणि मोठी आई गेल्यापासून ती त्यांना सांभाळत होती. म्हातारा चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण गावचा पाणकर अजून तोच. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती सोडायचं, हे पाणकर ठरवतो. लंज्यांच्या पूर्वजांनीच तो तलाव बांधला होता, त्यामुळे मान घरातच राहिला होता.

"काऊन वं, एवढ्या दूर पानी पाहायले जाऊन रायलीस?" मोठ्या बाबांनी विचारलं. "आपल्या घरी काय पान्याचा दुष्काळ हाय?"

"मोठे बाबा, थो समुद्र हाय. त्याचं पानी येते न जाते."

"जाते मंजे कुठं जाते?"

"मागं जाते. मंग परत येते."

म्हातारा खोकत खोकत हसला. "गेलेलं पानी परत येत नाई पोरी. पाऊस पडल्याबिगर तं नाईच नाई. कोनी सांगतलं तुले?"

चेतनाही हसली. तलावाच्या माणसाला हे कसं पटवायचं, हे तिला त्या दिवशी सुचलं नाही.

२

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं केरळ नक्की केलं. एका छोट्या किनाऱ्याचं नाव वहीत लाल शाईनं लिहिलं, जेवणखाणाची माहिती लिहिली, आणि तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा मोबाईलवरून उतरवून घेतल्या. वेळापत्रक दिसलं की उतरवून घ्यायचं, ही तिची खोडच होती. त्या रात्री तिला इतकी छान झोप लागली की सकाळी चहा मोठ्या बाबांनी केला.

चहा देताना म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला होता.

"माझे डोळे गेले वाटते," तो म्हणाला.

तलावाच्या मातीच्या पाळीला एक तुडूम होतं, म्हणजे पाणी सोडायची दगडी जागा. त्याच्याजवळ पाण्यात मोठ्या बाबांची बांबूची काठी रोवलेली असे. तिच्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा, बोटाबोटाच्या अंतरानं. पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघून किती दिवस पुरेल ते म्हातारा सांगे, आणि पन्नास वर्षांत त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

"काल सकाळी नवव्या रेघेले होतं. दुपारी पाहतो तं चार रेघा खाली. मी मनलं कोनी तरी बूच काढलं. तुडूम पाहतो तं बंद. संध्याकाळी पुन्हा नवव्या रेघेले. पानी कधी वर चढते का, चेतना? गावाले सांगतलं तं मनतील, बुडा सठियाला."

त्याला खरी भीती ती होती. पाणी वाचता येत नाही म्हटलं की पाणकी जाणार, आणि पाणकी गेली की या म्हाताऱ्यात उरणार काय? चेतनाला त्याची फार दया आली.

"तुम्ही नुसते पाहा. रेघ बदलली का मले फोन करा. मी लिहून ठेवतो," ती म्हणाली. त्यांच्याकडच्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो.

त्यानंतर दिवसभर चौकशीच्या खिडकीत फोन येऊ लागले. "आता पाचवी." "आता सातवी." "आता थांबलं." बसची वेळ सांगता सांगता ती वहीच्या मागच्या पानावर तलावाची वेळ लिहू लागली. मनाशी तिनं कारणंही शोधली. पाळीत खेकड्यांनी बिळं केली असतील, पाणी एकीकडून झिरपत असेल. किंवा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू असेल. कारण सापडलं की तिला बरं वाटे.

रविवारी ती स्वतः पाळीवर जाऊन बसली. थंडीचं कोवळं ऊन होतं, पाणी अगदी स्थिर होतं, वर एक टिबुकली बुड्या मारत होती. तिच्या डोळ्यांसमोर एक पांढरी रेघ ओली झाली, मग दुसरी झाली. लाट नाही, आवाज नाही, वारासुद्धा नाही. ती घड्याळ बघून वेळ लिहीत गेली.

३

केरळ बारगळलं. गाडीत जागा मिळेना. आठवडाभर खट्टू होऊन बसण्यापेक्षा तिनं लगेच पुरीचं पान उघडलं. थेट गाडी, शिवाय सूर्य समुद्रातून वर येताना दिसणार. केरळच्या पानावर तिरकी रेघ मारली, पुरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा नव्या पानावर उतरवल्या. तिचा उत्साह पुन्हा चढला. टपरीवरून पाव किलो जिलबी आणून तिनं स्टँडवरच्या सगळ्यांना वाटली आणि कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाबांचा फोन आला. "आता तं हातभर उतरून रायलं. न वेळ बी बदलली."

तिनं वही काढली. एका पानावर पुरी. मागच्या पानावर तलाव. अठरा वर्षं वेळापत्रकं वाचलेल्या बाईला दोन पानं जुळवायला कितीसा वेळ लागणार? दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, आणि रोज पाऊण-पाऊण तास उशिरा. पुरीत आणि तलावात दोन मिनिटांचाही फरक नव्हता. तिनं घाईघाईनं केरळचं पान उलटून मागचे आकडे बघितले. तेही जुळले. ज्या दिवशी तिनं केरळवर रेघ मारली, त्या दिवसापर्यंत.

खिडकीबाहेर एक माणूस देवरीची गाडी विचारत होता. त्यानं तीनदा विचारलं तेव्हा तिला ऐकू आलं.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मोठं काहीतरी तिच्या छातीत उड्या मारत होतं. जन्मात कोणी तिच्यासाठी चार पावलं चालून आलं नव्हतं. मुलगा बघायला आला तोही तिलाच गोंदियाला बोलावून.

तरी बाई शहाणी होती. जे वाटतं ते खरंच आहे का, हे तिनं तपासून घेतलं. वहीतली पुरीसुद्धा खोडली, वही कपाटात टाकली, आणि चार दिवस समुद्राचं नाव काढलं नाही. मोबाईलवर किनाऱ्याचा फोटो आला तरी अंगठ्यानं वर सरकवला.

चारही दिवस पाणी नवव्या रेघेवर ठाम उभं राहिलं. मोठे बाबा खुलले. "माझे डोळे साबूत हायेत," असं ते शेजारच्या सुशीलाबाईंना दारात उभं राहून सांगत होते. चेतना आतून ऐकत होती आणि चार दिवसांत तिला जेवण गेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं कपाट उघडलं.

४

आता कोकण. खरं तर पहिल्यापासून तिला कोकणच हवं होतं. तक्त्यात फेब्रुवारीअखेरपर्यंत हिरवी खूण होती आणि रजा मंजूर झाली होती. गुहागरच्या बाजूच्या एका गावात, माडांच्या बागेत, एका बाईंच्या घरी पर्यटकांसाठी खोली होती. दुपारी स्टँडवर गर्दी नसताना तिनं फोन लावला.

"एकट्याच येणार? या की. काही काळजी करू नका," त्या बाई म्हणाल्या. "खिडकी उघडलीत की समोर समुद्र."

"तिकडे पानी किती मागं जाते?"

"आमच्याकडे खूप. पुरुषभर खोल पाणी उतरतं. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा तर वाळू संपता संपत नाही. संध्याकाळी सहाच्या आत ओहोटी लागून जाते, तेव्हा चालायला मजा येते. पण एक लक्षात ठेवा ताई, आत गेलात तर पाठ करून उभं राहायचं नाही. येताना ते हळूहळू येत नाही."

चेतनानं सगळं लिहून घेतलं. पुरुषभर हा शब्द लिहिताना तिचं पेन थांबलं. माघातला तलाव, सगळा मिळून पुरुषभरच खोल उरला होता.

तिला तेवढं कळलं होतं. कळलं नाही असं नंतर कोणी म्हणू नये. ती दहा मिनिटं मोबाईल हातात धरून बसली. पाणी खाली जाईल, तर वरही येईल. कोणाचं काय बिघडणार? हातभर उतरलं तेव्हा तरी कोणाचं बिघडलं होतं? आणि आपण निघून गेलो की ते आपल्याबरोबर तिकडेच येईल. असं स्वतःला समजावून तिनं मुंबईचं तिकीट काढलं, पुढे चिपळूणपर्यंतचंही काढलं आणि बाईंची खोली नक्की केली. मोबाईलवर तिकीट आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका खिडकीचं, एका माणसाचं तिकीट, आणि वर तिचं नाव.

पाच दिवसांत तलाव असा काही वरखाली होऊ लागला की मोठ्या बाबांनी काठीकडे बघणंच सोडलं. ते पाळीवर बसून राहत. गावातले चार जण येऊन विचारून गेले, पाणकर, पाण्याचं काय चाललंय?

"चेतना, मले एक गोष्ट सांग," एका संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले. "माह्या हातानं काही चुकलं का? कोन्या वर्षी कोनाच्या बांधीले पानी कमी सोडलं का मी?"

"नाई मोठे बाबा. तुमचं काही चुकलं नाई."

"मंग?"

तिनं त्यांच्या ताटात वरण वाढलं. सांगायला तोंड उघडलं असतं तर सांगता आलं असतं.

५

पौर्णिमेच्या दिवशी गोरेगावचा बाजार होता आणि अर्धं गाव बाजाराला आलं होतं. साडेअकराच्या सुमारास खिडकीत फोन वाजला.

"चेतना, तलाव तोंडोतोंड भरला वं," मोठे बाबा म्हणत होते आणि त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "माघात. जास्तीचं पानी पाळीवरून वाहून रायलं. असं मी जन्मात पाहिलं नाई."

वहीत गुहागरची भरती अकरा चौतीसची होती. ओहोटी पाच एकेचाळीसची.

"मोठे बाबा, आज तलावात उतरू नोका."

"भरल्या तलावात कायले उतरू मी?" म्हातारा हसला. "येडी झालीस का?"

फोन ठेवल्यावर तिनं तिकीट उघडलं. रद्द करायला दोनदा बोट लावावं लागतं, एवढंच. ती तिकिटाकडे बघत राहिली. अजून पाच दिवस, मग ती गाडीत असेल. मग तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि आमगावची गाडी पुकारली.

दुपारभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. तळ उघडा पडला की गावात एक रीत होती. आधी पाणकरानं एकट्यानं पार मधल्या डोहापर्यंत चालत जायचं आणि तिथली मूठभर माती घेऊन यायची. ती माती पाळीवर ठेवली की मगच बाकीच्यांनी मासे धरायला उतरायचं. तोवर कोणी पाय टाकायचा नाही. ही रीत तिला साडेचारला आठवली, नांदेडकडच्या एका बाईला गाडी सांगता सांगता. ती खुर्चीवरून उठली, खिडकी लावली आणि मिळेल त्या गाडीनं निघाली.

६

पाच पस्तीसला ती पाळीवर चढली. ऊन कलतं होतं, पण चांगला उजेड होता.

तलावात पाणी नव्हतं. डबकंसुद्धा नव्हतं. काठी तळापर्यंत उघडी पडली होती आणि तिच्या सगळ्या रेघा कोरड्या होत्या. शिंगाडे, कमळाचे देठ, दोन-चार फुटकी मडकी, सगळं चिखलावर निजलं होतं. माशाचा वास यायला हवा होता. येत होता तो वेगळाच, जरा तिखट, नाकात चुरचुरणारा, आणि तो तिनं आधी कधी घेतला नव्हता. तरी तिला तो लगेच ओळखता आला.

दूर मधल्या डोहात पांढरं धोतर दिसत होतं. मोठे बाबा वाकले होते, माती उचलत होते. त्यांना कसली घाई असणार? चौऱ्याहत्तर वर्षं त्यांनी एकच गोष्ट पक्की जाणली होती, की गेलेलं पाणी पावसाशिवाय येत नाही. आभाळात ढग नव्हता.

तिनं मोबाईल काढला. पाच अडतीस. तिकीट उघडलं, रद्द करा यावर बोट ठेवलं, आणि पडद्यावर प्रश्न आला, नक्की का. तिचा अंगठा 'हो' वर आला.

तेवढ्यात आवाज आला. गडगडाट नव्हे. फार लांबून, फार रुंद, सुपात धान पाखडल्यासारखा एकसारखा. तिनं मान वर केली.

तलावाच्या पलीकडे सागाचं जंगल असायला हवं होतं आणि त्यामागे डोंगर. तिकडे काठच नव्हता. चिखल संपून पुढे वाळू लागत होती, ओली, नागमोडी रेघांची, आणि ती वाळू उतरत उतरत इतकी लांब गेली होती की नजर पोचेना. त्या वाळूच्या शेवटी, आभाळाच्या खाली, एक पांढरी रेघ होती. ती हलत होती.

चेतनाच्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. फोटोत दिसतं तसं ते मुळीच नव्हतं. ते जिवंत होतं. एवढं मोठं काही या जगात आहे आणि आपल्याला कोणी नीट सांगितलंच नाही, असं तिला वाटलं.

एकदा बघते, ती मनात म्हणाली. एकदाच. मग दाबते.

रेघ जाड झाली. तिच्या मागे दुसरी उठली. पहिलीचं पाणी दुसरीखाली शिरलं आणि काचेसारखं हिरवं काहीतरी क्षणभर उभं राहून कोसळलं. लाटेचं कोसळणं तिनं फक्त पुस्तकात वाचलं होतं. अजून एक, फक्त ती पलीकडची मोठी.

मोठे बाबा माती घेऊन वळले होते. त्यांनी तिला पाळीवर पाहिलं आणि मूठ उंच करून दाखवली. ते गावाकडे तोंड करून चालू लागले, चिखलातून एक एक पाय उपसत, सावकाश. आवाज त्यांना ऐकू जात नसावा, वयानं कान जड झाले होते. त्यांच्या मागे आता अर्धं आभाळ हलत होतं.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि हाकेऐवजी हसू फुटलं. ते तिला आवरेना. पोट धरून, डोळे पुसत, तोंडावर खारे तुषार घेत ती हसत होती, आणि पडद्यावरचा प्रश्न तिच्या मुठीत तसाच होता.

तिला एवढं खूश मोठ्या बाबांनी कधी पाहिलं नव्हतं. ते तिथेच थांबले, मातीची मूठ छातीशी धरली, आणि तिच्याकडे बघून तेही हसायला लागले.